कासविणीची वाळू

प्रशांत महासागर माणसांच्या नकाशात यायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या महासागराच्या मधोमध पोवळ्यांचं एक बेट होतं, बांगडीसारखं गोल. तिथे जन्मलेली एक कासवीण तीस वर्षांनी अंडी घालायला परत आली.

तिला एक तिरका माड आठवत होता आणि त्याच्या बुंध्याशी असलेली गुलाबी झाक मारणारी वाळू. आता माड नव्हता आणि वाळू पांढरीफटक होती. तिने तीनदा खड्डा खणला आणि तीनदा तो रिकामाच बुजवला.

दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक म्हातारा खेकडा हे बघत होता. "काय शोधतेस गं?" त्याने विचारलं.

"माझी वाळू, आजोबा. हिला तो वास नाही. हिच्यात मी अंडी घालणार नाही."

"तुझी वाळू माडासकट वादळात गेली, पोरी. मग मासे पोवळी कुरतडत राहिले आणि त्यांचा चुरा लाटांनी इथे आणून टाकला. ही सगळी नवी वाळू आहे."

"मग माझं बेट गेलंच म्हणायचं."

खेकडा पाठीवरचा शंख सावरत जवळ सरकला. "तू जन्मलीस त्या वर्षी तुझी आईही अशीच फिरत होती. तिला कुठलीशी करडी वाळू हवी होती. गुलाबी वाळूत तिने चार खड्डे खणून बुजवले. पाचव्यात तू."

भरती चढत होती. कासविणीने चौथा खड्डा खणला. अंडी झाकून झाल्यावर तिने त्या पांढऱ्या वाळूत नाक खुपसलं आणि बराच वेळ वास घेत राहिली.