हिरड्याचं पाणी

“छाटीला आधी हिरडा दिला होतास ना?”

“दिला होता, बुवा.”

यमाजीच्या तोंडून उत्तर निघून गेलं. ओढ्याकाठच्या दगडावर बसून दौलतगीरबुवा आपले पाण्याकडे बघत राहिले.

या मठाची रीत जगावेगळी. दीक्षा घ्यायची तर अंगावरची छाटी आपली आपण रंगवायची, तीही रानातल्या जांभळांनी. मग गुरूसमोर वाहत्या पाण्यात बुडवायची. रंग राहिला तर दीक्षा. उतरला तर त्याच छाटीत चंबूगबाळं बांधायचं आणि मुकाट घाट उतरायचा.

यमाजीला घाट उतरायचा नव्हता. भावजयीला ठणकावून सांगून आला होता तो, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणून. आता कुठल्या तोंडानं परत जायचं?

रंग मात्र काय चढला होता! बाकीचे शिष्य वळून वळून बघत होते. हिरड्याच्या पाण्यात घातलं की कापड आधी मळकट पिवळं पडतं, मग त्यावर जांभळाचा रंगही जरा काळवंडतोच. पण हिरड्याशिवाय कापड रंग धरत नाही, हे मठात सगळ्यांना ठाऊक. यमाजीलाही. त्याला आपलं वाटलं, एका धुण्याला निभेल. एवढ्या देखण्या रंगाचं मातेरं कोण करील?

“दिला होतास ना?” बुवांनी पुन्हा विचारलं.

“हो.”

“मग बुडव.”

यमाजी पाण्यात उतरला, वाकला. हात काही केल्या खाली जाईनात...

बुवांनी झोळीतून एक सुका हिरडा काढून त्याच्यापुढे धरला.

“घाई नाही. तोवर हा चघळ.”

नाही कसं म्हणायचं? त्यानं तोंडात टाकला. जीभ आक्रसली, घसा कोरडा पडला. थुंकावं तर बुवा समोर, आणि त्यांची नजर हलायला तयार नाही. यमाजीला ती सोसवेना.

“बुवा...”

त्यानं हिरडा गालात सारला.

“हिरडा दिला नाही मी. रंग बिघडेल म्हणून. तुमच्याशी खोटं बोललो.”

एवढं बोलताना त्याचा जीव अर्धा झाला. भावजयीचं दार डोळ्यांपुढे उभं राहिलं.

बुवा उठले. त्याच्या हातातून छाटी घेतली आणि पाण्यात दाबून धरली. जांभळा लोट खाली वाहत गेला. बघता बघता सगळा रंग उतरला, कापड होतं तसं पांढरट झालं.

संपलं, यमाजी मनाशी म्हणाला. गाठोडं बांधायचं म्हणून त्यानं मान खाली घालून हात पुढे केला.

बुवांनी छाटी पिळली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

“हिरडा आत्ता दिलास,” ते म्हणाले. “जांभळं उद्या वेच.”