उंची : साडेआठ

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंसाठी एक खल विकत घेतला, आणि त्या दिवसापासून गुरूंना त्याच्या विद्येची नव्हे, पण त्याच्या वाचनाची काळजी वाटू लागली.

गुरू म्हणजे कृष्णाकाठच्या एका गावातले वैद्य भास्करशास्त्री. वय पंचाहत्तर, आवाज खणखणीत आणि बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी. शिष्य म्हणजे मुकुंद गोसावी. हा पदवी घेऊन आलेला, पस्तिशीतला गृहस्थ. गेली सात वर्षे तो शास्त्रीबुवांच्या हाताखाली शिकत होता आणि नाडीपरीक्षेत त्याने चांगली गती मिळवली होती. रोग्याने छातीला हात लावून "वैद्यबुवा, पथ्य अगदी काटेकोर पाळतो हो," असे सांगितले, की मुकुंद त्याला जीभ बाहेर काढायला सांगे. जिभेवर मिसळीचा तांबडा रंग सापडे. माणसाच्या बोलण्यावर सहसा न विसंबणारा असा हा शिष्य होता. छापील अक्षरावर मात्र त्याची नितांत श्रद्धा होती.

शास्त्रीबुवांचा दगडी खल पन्नास वर्षे चालून अखेर तडकला. सूतशेखराची मात्रा घोटताना माक्याचा रस तळातून गळू लागला आणि औषधापेक्षा जमीनच अधिक निरोगी होऊ लागली. बुवा तड्यात मेण भरून काम भागवत. ते पाहून मुकुंदाच्या जिवाला लागे. गुरुपौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती. त्याने आजी-माजी दहा शिष्यांकडून वर्गणी गोळा केली आणि बुवांच्या योग्यतेचा खल शोधण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतले.

शोधता शोधता तो मोबाईलवरच्या एका लिलावात पोहोचला. तिथे काळ्याभोर दगडाच्या खलबत्त्याचे चित्र होते. मागे लाल मखमल, बाजूला एक समई. खाली लिहिले होते :

"शंभर वर्षांच्या वैद्यघराण्यातील अस्सल खल. अखंड दगड, एकही भेग नाही. घराण्यातील ज्येष्ठ वैद्यांच्या नित्य वापरातला. उंची : साडेआठ. असा खल आता पाहायला मिळत नाही. विकलेली वस्तू परत घेतली जाणार नाही."

मुकुंदाने ते तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा हात जोडले. त्याला डोळ्यांसमोर ते ज्येष्ठ वैद्य दिसले. पांढरी दाढी, उघडे अंग, खांद्यावर उपरणे, समोर हा खल आणि त्यात घोटली जाणारी सुवर्णमिश्रित मात्रा. लिहिणाऱ्याने यातले काहीही लिहिलेले नव्हते. पण मुकुंदाला त्याची आवश्यकता वाटली नाही.

लिलावाची मुदत शनिवारी दुपारी चारला संपणार होती. त्या वेळी तो शांतीशेठ शहांच्या दुकानात जेष्ठमध घ्यायला गेला होता. शांतीशेठ हे काष्ठौषधींचे जुने व्यापारी. हिरडा हातात घेऊन तो कोणत्या डोंगरावरचा ते सांगणारे, आणि बुवांना तीस वर्षे माल पुरवणारे. एरवी गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत "या या" म्हणणारे शेठ त्या दिवशी मोबाईलमध्ये मान घालून बसले होते.

"शेठ, पाव किलो जेष्ठमध."

"देतो, देतो. बसा जरा," शेठ मान वर न करता म्हणाले.

मुकुंदाला हेच हवे होते. पाठ फिरवून तो बाकावर बसला आणि त्यानेही मोबाईल काढला. लिलावात 'हिरडा' असे टोपणनाव घेतलेला कोणी एक इसम त्याच्या वरचढ बोली लावत होता. मुकुंदाने बोली वाढवली. क्षणात 'हिरडा' पुढे गेला. मुकुंदाने पुन्हा वाढवली. 'हिरडा' पुन्हा पुढे.

"काय हावरट लोक असतात!" मुकुंद पुटपुटला.

"अहो, काय सांगू! कलियुग आहे," मागून शेठ कळवळून म्हणाले.

वर्गणीची रक्कम संपली. शहाण्याने थांबावे अशी ती जागा होती. पण मुकुंदाच्या मनात आले, हा जो कोणी 'हिरडा' आहे तो एवढ्या ईर्षेने झुंजतो आहे, म्हणजे तो मोठा जाणकार असणार. आणि जाणकाराला जी वस्तू सोडवत नाही ती वस्तू आपण सोडावी? घराला रंग देण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याने बोलीत घातले. चारला अर्धे मिनिट उरले असताना त्याने शेवटची उडी घेतली, आणि खल त्याचा झाला.

"जय हो!" मुकुंद ओरडला.

"मेलो!" त्याच क्षणी शेठ म्हणाले, आणि मग सावरून, "मुंगी चावली हो. किती म्हणालात जेष्ठमध?"

खोके गुरुपौर्णिमेच्याच सकाळी आले. खोके प्रचंड होते. कुरिअरचा काटकुळा माणूस ते एका हाताने जिना चढवून घेऊन आला, तेव्हा मुकुंदाला त्याच्या ताकदीचे कौतुक वाटले. बुवांच्या समोरच ते उघडायचे, असे शिष्यांचे ठरले होते. अंगणात सतरंजी घातली होती. पाटावर बुवा, पुढे दहा शिष्य, त्यांची बायकामुले, गावातले चार प्रतिष्ठित आणि शांतीशेठ. मुकुंदाने वैद्यपरंपरेवर पंधरा मिनिटे भाषण केले. "ज्या खलात पिढ्यान्‌पिढ्यांची तपश्चर्या मुरली आहे," या वाक्यावर टाळ्या पडल्या. मग त्याने खोके फोडले.

आधी पेंढा निघाला. त्याखाली जुनी वर्तमानपत्रे. त्याखाली दुसरे खोके. त्यात पुन्हा पेंढा. मुकुंद कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. एका शिष्याच्या लहान मुलीने विचारले, "आई, काका काय शोधतायत?" आई म्हणाली, "गप्प बस." पण तोवर सगळ्यांच्याच मनात तो प्रश्न आला होता.

अखेर मुकुंदाचा हात बाहेर आला. तळहातावर काळ्या दगडाचा एक सुबक, अखंड, कुठेही भेग नसलेला खल होता. चहाच्या पेल्याएवढा.

शास्त्रीबुवांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"मुकुंदा," ते म्हणाले, "हा विडा कुटायचा खल. दात पडले की माणसं यात पान-सुपारी कुटून खातात."

कोणीतरी खोकले. शंभर वर्षांच्या वैद्यघराण्यातील ज्येष्ठ वैद्य नित्य काय वापरत होते, याचा उलगडा तेव्हा सर्वांना झाला.

"आणि माझे दात," बुवा गंभीरपणे म्हणाले, "अजून सगळे आहेत रे."

मग जो हशा उसळला, त्यात मुकुंदाला अंगण दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. एकटे शांतीशेठ हसले नाहीत. ते उठून मुकुंदाजवळ आले, त्याच्या पाठीवरून हात फिरवून "फार वाईट झालं हो, कोणाच्याही बाबतीत होऊ शकलं असतं," असे विलक्षण आपुलकीने म्हणाले आणि पेढा न खाताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुकुंद बुवांकडे आला तो तोंड पाडूनच. "गुरुजी, मी सगळ्यांची वर्गणी फेडीन. त्या लबाडाला मात्र सोडणार नाही. त्यानं मला फसवलं."

"जाहिरात वाच पाहू."

मुकुंदाने वाचली. "उंची साडेआठ" इथे बुवांनी बोट वर केले.

"साडेआठ काय?"

मुकुंद थांबला. "इंच."

"तसं लिहिलंय?"

मुकुंदाने पुन्हा पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. "नाही. मी… मला वाटलं इंच. सेंटिमीटर असणार."

बुवांनी पुढे काही विचारले नाही. आतून आपला जुना, तडकलेला खल आणवून त्यांनी तो मध्ये ठेवला आणि एक कोरा कागद मुकुंदासमोर सरकवला. "याची जाहिरात लिही. एक अक्षरही खोटं लिहायचं नाही."

गुरूंचे डोके फिरले की काय, अशी शंका शिष्याला आली. हा फुटका खल कोण घेणार? पण आज्ञा ती आज्ञा. त्याने लिहायला घेतले. पहिले वाक्य जड गेले. दुसऱ्यापासून लेखणी आपोआप धावू लागली, आणि ती तशी धावते आहे हे पाहून त्याला थोडी भीतीही वाटली. लिहून होते तोच शांतीशेठ हिशेबाचे निमित्त करून आले. बुवांनी खलावर आपले उपरणे टाकले आणि कागद शेठजींच्या हाती दिला.

शेठ मोठ्याने वाचू लागले. "पन्नास वर्षे एकाच विख्यात वैद्यांच्या हातातला खल. हजारो रुग्ण यातल्या औषधाने बरे झाले. आतून आरशासारखा गुळगुळीत. पाणी साचून राहत नाही. धुतल्यावर पुसण्याची गरज नाही. असा खल पंचक्रोशीत दुसरा नाही."

शेठजींचा आवाज हळूहळू खाली येत गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि बुवांच्या कानाशी लागले. "बुवा, कोणाचा आहे? दुसऱ्या कोणाला सांगितलं नाहीत ना? मी घेतो. परवाच्या त्या एकापासून थोडक्यात वाचलो, हा मात्र हातचा जाऊ द्यायचा नाही."

"परवाचा कोणता?" मुकुंदाने विचारले.

शेठ गोरेमोरे झाले. मुकुंद त्यांच्याकडे बघत राहिला. बाक, मुंगी, न खाल्लेला पेढा, सगळे एकेक करून जागेवर बसले.

"हिरडा!" तो किंचाळला. "तुम्ही हिरडा!"

"अहो, मलाही बुवांनाच द्यायचा होता!" शेठ रडवेले होऊन म्हणाले. "तीस वर्षं त्यांचं औषध खातोय मी. मी तर केव्हाच सोडून देणार होतो. पण समोरचा एवढा चढतोय म्हटल्यावर मला वाटलं, कोणीतरी मोठा जाणकार आहे."

बुवांनी उपरणे उचलले. शेठजींनी खल पाहिला, कागद पाहिला, पुन्हा खल पाहिला. "हा? हा तर तुमचा फुटका! तीस वर्षं बघतोय मी याला!"

"कागदात खोटं काय आहे ते सांगा."

शेठजींनी शोधले. पाणी साचत नव्हते, हे खरे होते. पुसण्याची गरज नव्हती, हेही खरे होते.

मग शास्त्रीबुवा बोलले. "मुकुंदा, रोगी जे सांगतो ते ऐकून घ्यावं, पण निदान त्यानं जे सांगितलं नाही त्यावरून करावं. हे तुला येतं, रोज करतोस. आपल्याला हवी असलेली वस्तू समोर आली, की मात्र आपण वैद्य राहत नाही, आपण आजारी पडतो. विकणाऱ्यानं रिकामी जागा सोडली. साडेआठच्या पुढे इंच तू लिहिलेस. दाढीवाले वैद्य तू बसवलेस. लबाडीचा अर्धा भाग त्याचा, नाही म्हणत नाही. त्याची तक्रार कर, अवश्य कर. पण उरलेला अर्धा तू फुकट लिहून दिलास. आणि तुम्ही दोघं! वस्तू न पाहता एकमेकांकडे बघून बोली वाढवलीत. दोन आंधळ्यांनी एकमेकांना वाट विचारावी, तसं झालं."

शेठ म्हणाले, "मुकुंदराव, अर्धं नुकसान माझं. मी नसतो तर तुम्हाला तो पेल्याच्या भावात पडता." मुकुंद नको म्हणाला, शेठ ऐकेनात, आणि अखेर दोघांनी मिळून बुवांना नवा खल द्यायचा असे ठरले.

त्या आठवड्यात ते दोघे नदीपलीकडच्या यल्लाप्पा पाथरवटाकडे गेले. त्याच्या अंगणात पाचसहा खल मांडलेले होते. मुकुंदाने एकाला हात घातला आणि प्रश्न सुरू केले. दगड कुठल्या खाणीचा? किती दिवस झाले घडवून? बाहेरून किती, आतून किती, इंच की सेंटिमीटर? त्याने पाणी भरले आणि सावलीत बसून तासभर वाट पाहिली. बत्त्याने वाजवून पाहिले. उलटा करून पाहिला. शेठ दुसऱ्या बाजूने पाहत होते.

यल्लाप्पाने छिन्नी खाली ठेवली. "वैद्यबुवा, खल न्यायचा हाय का लेक द्यायची हाय?"

"एक शेवटचं विचारतो," मुकुंद म्हणाला. "यात खोट काय आहे?"

यल्लाप्पाने डोके खाजवले. खल फिरवून त्याने काठाजवळची नखाएवढी जागा दाखवली. "हितं एक टवका उडालाय. घोटायला आड येत न्हाई, पर हाय. आन पयले आठ दिस यात औषध करू नका. तांदूळ घोटून फेका, दगडाची कच येतीया. दुसरा बिनटवक्याचा पायजे आसंल तर म्हैनाभर थांबा."

मुकुंदाने शेठजींकडे पाहिले. शेठजींनी मान डोलावली. भाव करायचे दोघांच्याही मनात आले नाही.

"हाच द्या," मुकुंद म्हणाला.

खल इतका जड होता की तो गाडीत चढवायला तिघे लागले. वाटेत शेठजींनी मोबाईल काढला, काहीतरी पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवला. काय पाहिले ते मुकुंदाने विचारले नाही. तो खलाच्या काठावरच्या त्या टवक्यावरून अंगठा फिरवत बसला होता, आणि त्याला फार स्वस्थ वाटत होते.

ज्या वस्तूत विकणाऱ्याने एकही दोष सांगितलेला नाही, तिचा दोष शोधण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवले आहे, एवढे समजून मगच बोली लावावी.