मुहूर्ताचा नारळ

साखर कारखान्याचे अध्यक्ष आबासाहेब उसाचा चरक सुरू करायला नारळ घेऊन उभे राहिले, आणि दांड्यावर तपासणीचं यंत्र फिरवणाऱ्या तपासनीस वैदेहीने नेमका तेव्हाच हात आडवा घातला. "थांबा, चरकाच्या दांड्याला आतून चीर आहे."

"आरशासारखा लख्ख दांडा आहे! तुझं यंत्र नुसतं आवाज सोडतं, त्यापायी मुहूर्त चुकवू?"

वैदेही हटली नाही. "आबासाहेब, हा नारळ निवडताना कानाशी धरून का हलवलात? बाहेरून तर सगळेच चांगले होते."

"आतलं पाणी ऐकायला!"

"दांडा मला हलवता येत नाही, म्हणून आवाजच आत पाठवला. तो मधल्या चिरेवर आपटून परत आला."

आबासाहेबांनी नारळ खाली ठेवला. दांडा उतरवून कापला, तर आत हातभर चीर!

चरकाशी राबणाऱ्या कामगारांकडे बघता बघता आबासाहेबांचे डोळे भरून आले. "पोरी, माझी माणसं वाचली. हा नारळ तुझ्या यंत्रापुढे फुटणार."