साखळी घ्यायला आलेला भाडेकरू

“बाबा, दुसऱ्याच्या गाडीला साखळी घालून कुलूप लावलं, तर ते पाप होतं का?”

नबीबाबांनी वर पाहिलं नाही. ते दर्ग्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते.

“गाडी कुठं हाय?”

“माझ्या जागेत.”

“जागा तुझी?”

“भाड्याची. पण घराच्या करारात लिहिलेली आहे. पार्किंग नंबर सात.”

“मग मला कशाला इचारतोस? वकिलाला इचार.”

पाहुण्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली साखळी होती. ती माझ्याच दुकानातली.

त्याला बाबांकडे मीच घेऊन आलो होतो. आमचं दुकान जनावरांच्या बाजाराच्या अगदी तोंडाशी. कासरे, दावी, घुंगूरमाळा, साखळ्या. त्या रविवारी हा इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला आणि म्हणाला, सगळ्यांत जाड साखळी दाखवा. मी नेहमीसारखं विचारलं, बैलाला की म्हशीला?

तो म्हणाला, “जीपला.”

धंद्यात मला कुणी गुरू भेटला नाही, गिऱ्हाईकांनीच शिकवलं. त्यातलं एक असं, की साखळी मागणारा भाव न विचारताच पैसे काढत असेल तर माल बांधून द्यावा, पण सोडण्याआधी त्याला चहा पाजावा. मी चहा पाजला. तेवढ्यात सगळं बाहेर आलं. मग दुकान धाकट्या भावावर टाकलं आणि त्याला म्हणालो, चला मेटकरीसाहेब, आमच्या बाबांना एक सवाल घालून येऊ.

नबीबाबा आता दर्गा झाडतात. पण त्यांचा उभा जन्म याच बाजारात दलाली करण्यात गेला. खिलारी जोडी असो की दुभती म्हैस, घेणारा आणि विकणारा यांच्या मधे बाबाच. एक दिवस सगळं सोडून ते या पायरीवर येऊन बसले. दलालीतला एक चौकड्यांचा रुमाल तेवढा खांद्यावर राहिला.

बाबांनी शेंगांची ओंजळ पाहुण्यापुढे केली.

“खा. आन् पयल्यापास्नं सांग.”

मेटकरी एका ट्रॅक्टरच्या शोरूमचा मॅनेजर. बदलीवर आमच्या गावात आलेला. वडील एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. त्यांना दिवसाआड व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून मेटकरीनं बायपासजवळच्या इमारतीत घर भाड्यानं घेतलं ते एवढंच बघून, की पार्किंगच्या शेजारी लिफ्ट आहे. गाडीतून उतरवलं की चार पावलांत लिफ्ट.

“आणि तिथंच खटकाळेची जीप. वरच्या मजल्यावर राहतो. त्याची स्वतःची जागा आहे, तिथं त्याची कार असते. जीप माझ्या जागेत.”

“मग वडलांस्नी कसं नेतोस?”

“गेटबाहेर गाडी लावतो. वॉचमन आणि मी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून आणतो. सगळी इमारत गॅलरीतून बघते. वडील डोळे मिटून घेतात, बाबा. ज्या माणसानं घाटातून गाड्या काढल्या…”

“घरमालक काय म्हणतोय?”

“तो पुण्यात. म्हणतो, जमवून घ्या, नाहीतर दुसरं घर बघा. भाडेकरूपायी मला शेजाऱ्याशी वाकडं नको. आता लिफ्टजवळचं दुसरं घर कुठून आणू?”

“आन् त्यो खटकाळे?”

“तो म्हणतो, जागा मालकाची, मालक माझा दोस्त, भाडेकरूनं मधे बोलू नये.”

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. ती बाजूला ठेवली.

“तू काय काय केलंस?”

“सगळं केलं! ‘खासगी जागा’ म्हणून बोर्ड लावला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या जीपचा फोटो टाकला. रोज सकाळी टाकतो. खाली लिहितो, सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी लाज बाळगावी. साठ-सत्तर लोक वाचतात. अंगठ्याचं चिन्ह टाकतात.”

“फोटोच्या आदी कसं हुतं?”

“म्हणजे?”

“फोटो टाकायच्या आदी जीप हलवायचा का?”

मेटकरीनं आठवून पाहिलं.

“हॉर्न वाजवला की यायचा. बनियनवरच. कुरकुर करत, पण काढायचा.”

“आन् आता?”

“आता जीप चोवीस तास तिथंच. जागचीच हलवत नाही.” मग तो जरा हसला. “एक मात्र बरं आहे. वरच्या पाइपवर कबुतरं बसतात. जीपची पार रांगोळी झालीय. तेवढंच समाधान.”

बाबाही हसले. मग खांद्यावरचा रुमाल काढला.

“हात आण.”

मेटकरीनं हात पुढे केला. बाबांनी त्यावर रुमाल टाकला, खाली आपला हात घातला, आणि त्याची बोटं दाबली. दोन. मग एक. मग सगळा पंजा.

“वळखलंस?”

“आजोबा करायचे असं. बैलाची किंमत. बोटं दाबून सांगायची.”

“आप्पा,” बाबा माझ्याकडे वळले, “ह्यास्नी सांगा. सौदा रुमालाखाली का करत्यात?”

मला कुणी विचारलं आणि मी गोष्ट सांगितली नाही, असं सहसा होत नाही. म्हटलं, साहेब, आमच्या सिदूनाना गावड्यांनी एकदा बैल आणला होता. घरात लेकीचं लग्न, बैल विकणं भागच. लांबून आलेलं एक नवखं गिऱ्हाईक होतं. त्याला रिवाज ठाऊक नाही. त्यानं भर बाजारात ओरडून आकडा सांगितला. नानांच्या मनात तोच आकडा होता, बरं का. पण बाजूचे लोक हसले, एवढ्यातच का नाना? नानांनी मान हलवली. गिऱ्हाईकानं आकडा वाढवला. लोक आणखी जमले. नानांनी पुन्हा मान हलवली. आता हो म्हणावं, तर मघाशी नाही का म्हटलं? संध्याकाळी बैल आला तसा घरी गेला.

“आणि लग्न?” मेटकरीनं विचारलं.

“ते पुढं ढकललं. बायकोनं विचारलं, गिऱ्हाईकच आलं नाही का? नाना म्हणाले, आलं होतं की. पण त्याच्यासंगं अख्खा बाजार आला होता.”

मेटकरीला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं.

बाबांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

“तुझ्या गाडीला कव्हर हाय?”

“आहे. मागच्याच महिन्यात घेतलं. चांगलं जाड, पाणी न लागणारं.”

“ते त्याच्या जीपवर घाल.”

“…काय?”

“कबुतरं घाण करत्यात म्हणालास न्हवं.”

“बाबा, जागा माझी! त्यानं बळकावलेली! आणि माझंच कव्हर मी त्याच्या जीपवर घालू? लोक म्हणतील, घाबरला.”

“म्हणू देत.”

“आणि त्यानं ते फाडून फेकून दिलं तर?”

“शिवून घाल.”

“आणि तरी जीप हलवली नाही तर?”

“तर साखळी हायच की आप्पाकडं. ती काय नासती व्हय?”

मेटकरी माझ्याकडे बघायला लागला. विकलेला माल परत घेणं आमच्यात बसत नाही, पण त्या दिवशी साखळी मी ठेवून घेतली.

तो उठला. चार पावलं गेला आणि मागे वळला.

“किती दिवस घालू?”

बाबा पुन्हा शेंगा सोलायला लागले होते.

“फोटो काढू नको,” ते म्हणाले.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी साखळी गल्ल्याच्या वरच्या खुंटीला टांगून ठेवली होती. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं विचारायची, ही कितीला? मी म्हणायचो, ही गुंतलेली आहे.

तिसऱ्या रविवारी मेटकरी आला तो थेट दर्ग्यावर. मला लांबून दिसला, म्हणून मीही गेलो. खोटं कशाला बोला, उत्सुकता मलाच जास्त होती.

“सांग,” बाबा म्हणाले.

“पहिल्या दिवशी कव्हर घातलं. सकाळी बघतो तर लिफ्टसमोर चोळामोळा करून टाकलेलं, वर बुटाचे ठसे. हात नुसते शिवशिवत होते. फोटो… नाही काढला. धुतलं, वाळवलं, पुन्हा घातलं.”

“मग?”

“पुन्हा तसंच. पण या वेळी कठड्यावर ठेवलेलं. मी पुन्हा घातलं. ग्रुपवरचे लोक विचारायला लागले, आज फोटो नाही का? मी उत्तर दिलं नाही. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात खटकाळे. हातात कव्हर. नीट घडी केलेलं.”

बाबांनी शेंगांची टोपली बाजूला सरकवली.

“म्हणाला, हे तुमचं का? म्हटलं, हो. का घातलं? म्हटलं, कबुतरं. तो नुसता उभा. तेवढ्यात आतून वडील बोलले. ते खुर्चीत होते समोरच. त्यांना वाटलं, हा जीप काढायला निघालाय. जीभ जड, तरी म्हणाले, डावीकडं… खांब आहे… जपून काढा.”

मेटकरीनं टोपलीतली एक शेंग उचलली.

“खटकाळे त्यांच्याकडे बघतच राहिला. विचारलं, ड्रायव्हर होते का? म्हटलं, एसटीत. तो म्हणाला, माझे चुलते पण एसटीत होते. मग एकदम आवाज चढवला, शेजारची दारं उघडतील एवढा. माझ्या जीपला पुन्हा हात लावायचा नाही, सांगून ठेवतो! म्हटलं, झालं, पहिले पाढे पंचावन्न. तो जिन्यापर्यंत गेला, तिथून खालच्या आवाजात म्हणाला, दवाखान्यातून कधी येता संध्याकाळी?”

“आन् आता?”

“आता जीप गेटजवळच्या चिंचेखाली असते. जागा मोकळी. वडील गाडीतून उतरतात, भिंतीला हात लावतात, आणि लिफ्टपर्यंत पायानं जातात. मी फक्त मागं उभा राहतो. काल वॉचमनला सलाम केला त्यांनी, जुन्या दिवसांतल्यासारखा.”

मला वाटलं, झालं. मी उठायच्या बेतात होतो. साखळीचं कसं करायचं, हे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

पण मेटकरी हलला नाही. पायरीवरचं एक टरफल बोटानं चुरत बसला.

“पण बाबा, एक राहिलंच.”

“काय?”

“तो चूक झाली असं म्हणाला नाही. ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. उलट त्या दिवशी ओरडला तेवढंच लोकांनी ऐकलं. आता सगळ्या इमारतीला वाटतंय, यानं शेजाऱ्यापुढं नाक घासलं, तेव्हा कुठं जागा मिळाली. काल एक जण तोंडावर म्हणाला, मेटकरी, कव्हर चांगलं होतं हो तुमचं! मी म्हणतो, त्यानं एकदा, फक्त एकदाच, सगळ्यांसमोर म्हणावं की जागा मेटकरींची होती. त्यासाठी काय करू, सांगा.”

बाजारात एका बैलाच्या गळ्यातलं घुंगूर वाजत वाजत लांब गेलं.

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मेटकरीच्या हातावर टाकला, आणि आपला हात मात्र या वेळी खाली घातलाच नाही.

“जनावर घरला आलंय न्हवं?” ते म्हणाले. “मग रुमाल उचलून किंमत बाजाराला कशापायी दावतोस?”