चुकलेली हजेरी

रानात जनावरांची पंचायत भरत असे, तेव्हाची गोष्ट. एका साळिंदराने शेजाऱ्यांचे कंद चोरले, म्हणून पंचायतीने त्याला गुहेत कोंडले. पावसाळा सरल्यावर एका अटीवर सोडले. रोज सकाळी पाणवठ्यावर म्हाताऱ्या गव्यासमोर हजर व्हायचे. हजेरी चुकली, तर पुन्हा गुहा.

साळिंदर महिनाभर नेमाने गेले. मग एके सकाळी ओढा उतरताना त्याचा पाय मुरगळला आणि त्याला उठवेना. दुसऱ्या दिवशी ते लंगडत निघाले, पण अर्ध्या वाटेवरून घाबरून मागे फिरले आणि डोंगरापलीकडे पळून गेले.

चौथ्या दिवशी गवा शोधत शोधत तिथे पोहोचला. त्याला पाहताच साळिंदराचे सगळे काटे उभे राहिले. गवा जरा लांबच बसला.

"का रे पळालास?"

"आजोबा, एक दिवस चुकला. आता कोंडणारच, असं वाटलं. मग यायचा धीरच होईना."

गव्याने त्याचा सुजलेला पाय पाहिला. "हजेरी चुकली तर काय होईल, एवढंच आम्ही तुला सांगितलं. येता आलं नाही तर काय करायचं, ते सांगितलंच नाही."

साळिंदराचे काटे हळूहळू खाली आले. "पंचायत ऐकेल?"

"ठाऊक नाही. पण मी तुझ्या बाजूने बोलेन. चल, सावकाश चल."

पंचायतीने ऐकले. तेव्हापासून सुटलेले कुणी हजेरीला आले नाही, की गवा आधी त्याच्या बिळाशी जाऊन विचारी, "बरा आहेस ना रे?"