पुठ्ठ्याचं घर

कोल्हापुरात शिवाप्पा म्हणून एक कलादिग्दर्शक होते. सिनेमातली घरं, अंगणं, चुली सगळं तेच उभं करायचे. नवे निर्माते रावसाहेब मोठ्या तोऱ्याचे. सेटवर येता येताच गरजले, "लोक नटीला बघतात, भिंतीला कोण बघतंय? उद्यापासून तुमचं काम बंद. मागं नुसता पडदा टांगू!"

सेटवरच्या घराच्या उंबऱ्याशी क्षणभर थबकून ते आत शिरले. सारवलेली जमीन, कोनाड्यात देव, पुढं समई. तोंड चालूच.

शिवाप्पा हात जोडून म्हणाले, "जातो मी. पण रावसाहेब, घर पुठ्ठ्याचं, देवही पुठ्ठ्याचे. मग तुम्ही चपला बाहेर का काढल्या?"

रावसाहेबांनी पायांकडं पाहिलं. अनवाणी! खो खो हसत तिथंच मांडी घालून बसले.

"शिवाप्पा, पुढच्या सिनेमातलं देऊळही तुम्हीच बांधा. फक्त दारात चपला सांभाळायला माणूस ठेवा!"