पिशवीसकट अर्धा तास

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे भोळे नवरे गावोगावी असतात, पण हा बायकोने सांगितलेलं ऐकायचा. नुसतं ऐकायचा नाही, तंतोतंत करायचा. त्याचं नाव नीळकंठ.

वैशाखात त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव चारू. लोकांच्या रुखवतात लाडूंचे डोंगर असतात. चारूच्या रुखवतात माशांची काचेची टाकी होती. आत सात सोनेरी मासे, तळाशी खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा पंप. कॉलेजात असल्यापासून चारूने ते मासे जिवापाड जपले होते.

बघता बघता आषाढ लागला. नव्या नवरीने पहिला आषाढ माहेरी काढायचा, ही रीत. तिला न्यायला तिचे वडील आले, अण्णा. निघताना त्यांनी टाकीत डोकावून, बोट नाचवत मासे मोजले.

"सात आहेत, जावईबापू. महिन्याने पोरीला पोचवायला येईन, तेव्हा पुन्हा मोजणार. ज्याला सात मासे सांभाळता येत नाहीत, त्याच्याकडे मी माझी एकुलती एक मुलगी ठेवायचा नाही."

अण्णा हे हसत म्हणाले. पण अण्णा हसत म्हणालेलं खरं करतात, हे चारूला ठाऊक होतं. ती उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाली, "अहो, खाणं चिमूटभरच घालायचं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. उरलं तर लगेच काढून घ्यायचं. कितीही आशेने बघितलं तरी जास्त द्यायचं नाही. आजारी पडतात."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि त्याच्या ध्यानात राहायचं. तेच तर दुखणं होतं.

चौथ्या दिवशी फोन आला. "चारू, लाइट गेली. पंप बंद पडला. मासे वर येऊन आ वासताहेत."

"घाबरू नका. पाण्यातली हवा कमी झालीय. मगने टाकीतलंच पाणी उचला आणि हातभर उंचावरून परत ओता. लाइट येईपर्यंत ओतत राहा."

नीळकंठाने तीन तास ओतलं. मासे वाचले. चारूला वाटलं, आपण उगाच काळजी केली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाइट गेली.

"मासे कसे आहेत?" चारूने विचारलं.

"मजेत. मिक्सर मात्र वाचला नाही."

"म्हणजे?"

"चटणी वाटताना बंद पडला. तू सांगितलंस तसंच केलं. हातभर उंचावरून. एक मग टाकीत, एक मग मिक्सरवर."

चारूने कपाळाला हात लावला. "अहो, विजेच्या वस्तूला पाणी लावतात का? प्लग काढायचा, भाग सुटे करायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि खडखडीत वाळवायचे."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दोन दिवसांनी तो म्हणाला, "टाकीतलं पाणी गाळणारी ती डबी आहे ना, ती विजेवर चालते. प्लग काढला, भाग सुटे केले. आतला स्पंज काही वाळेना. आषाढात ऊन कुठलं? मग इस्त्री फिरवली."

"इस्त्री?"

"हलकी. वर सुती फडकं ठेवून."

चारूने दुसरा हातही कपाळाला लावला. "अहो, त्या स्पंजातच डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, ते पाणी चांगलं ठेवतात. लगेच परत बसवा आणि आठवडाभर खाणं निम्मं करा. स्पंज कधी वाळवायचा नसतो. टाकीतलं पाणी काढून त्यात नुसता विसळायचा. थोडा मळ राहिला तरच बरा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

त्या रविवारी सरपंच चहाला आले.

"कप टाकीतल्या पाण्यात विसळले," नीळकंठ फोनवर म्हणाला. "थोडा मळ राहू दिला."

"आणि सरपंच प्यायले?"

"दोनदा. म्हणाले, चहाला काहीतरी वेगळीच चव आहे."

"देवा! अहो, पाहुण्यांच्या वस्तू नळाखाली धरायच्या. भरपूर ताजं पाणी. लखलखीत व्हायला हव्यात."

"बरं."

दुसऱ्या दिवशी फोन सकाळीच वाजला. "चारू, अण्णा येणार ना मासे मोजायला, म्हणून टाकी लखलखीत केली. सगळं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. पण पंप चालू असूनही मासे आ वासताहेत."

चारू ताडकन उठली. "नळाच्या पाण्यात पंचायत औषध टाकते! ते माशांना बाधतं. अंगणातली पाणी साठवायची मोठी दगडी डोण भरलेली आहे का?"

"परवाच भरली."

"दोन दिवसांत औषध उडून गेलं असेल. सगळे मासे डोणीत सोडा आणि वरून मगने ओता. आणि एक कायमचं ध्यानात ठेवा. कुणी आ वासताना दिसलं की विचार करत बसायचं नाही. आधी शिळ्या पाण्यात!"

त्या दिवशी चारूच्या घशाखाली घास उतरला नाही. दर तासाला फोन. संध्याकाळी उत्तर आलं, "सातच्या सात पोहताहेत." तेव्हा कुठे ती जेवली. मग हळूहळू, एकेक बादली शिळं पाणी भरून, मासे परत टाकीत गेले.

आषाढ संपला. निघायच्या आदल्या दिवशी चारूने शेवटचा फोन केला. "अण्णा एक नवा मासा आणताहेत. नवीन आलेल्याला थेट आत घ्यायचं नाही. पिशवीसकट अर्धा तास पाण्यात ठेवायचं. पाण्याची सवय झाली की मग आत."

"बरं. ध्यानात ठेवतो."

घर उंचावर. रस्त्यापासून एकशे दहा दगडी पायऱ्या. माशाची पिशवी घेऊन अण्णा पुढे गेले. चारू रिक्षातलं सामान उतरवून मागून आली. अंगणात पोचली आणि हातातली बॅग खाली पडली.

अण्णा डोणीत होते. टोपी, कोट, सगळ्यासकट, छातीपर्यंत पाण्यात. दोन्ही हातांनी माशाची पिशवी धरलेली. नीळकंठ हातभर उंचावरून त्यांच्या डोक्यावर मगने पाणी ओतत होता.

"अण्णा दारात आले ते आ वासूनच," तो म्हणाला. "मी विचार करत बसलो नाही. शिवाय नवीन आलेले. पिशवीही होतीच. शिळंच पाणी आहे गं, औषधाचं नाही."

चारूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता मासे सात असोत की सत्तर, आपली बॅग काही आत जात नाही.

अण्णांनी मिशीवरचं पाणी निथळू दिलं. "पोरी, आत जाऊन मासे मोजून ये."

चारू धावत गेली, धावत आली. "सात, अण्णा. सगळे टवटवीत."

"याच माणसाने सांभाळले?"

"हो."

अण्णांनी जावयाकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग डोणीत नीट मांडी घातली. "मग मीही वाचेन. किती वेळ राहिलाय, जावईबापू?"

"बारा मिनिटं."

बारा मिनिटांनी अण्णांना आणि माशाला आत घेतलं. चारूने त्यांना कोरडे कपडे दिले, भराभर स्वयंपाक केला आणि वाढायचं काम नवऱ्यावर सोपवून लोणचं काढायला गेली.

परत आली तेव्हा अण्णांसमोर नुसता पाट होता.

"ताट कुठे गेलं?"

"चिमूटभर भात वाढला होता," नीळकंठ म्हणाला. "दोन मिनिटं झाली, काढून घेतलं. फार आशेने बघत होते गं. पण मी दिलं नाही."